टॅटू आणि पिअर्सिंगमध्ये करिअर: सुई धरण्याआधीपासून स्वतःच्या स्टुडिओपर्यंत

ताजा टॅटू कुणाचाही बरा दिसतो. कातडी थोडी सुजलेली असते, काळा रंग चमकत असतो, फोटोला चांगला उजेड असतो. खरी परीक्षा दीड-दोन महिन्यांनी होते, खपली पडून कातडी पूर्ववत झाल्यावर. रेघ तेवढीच बारीक राहिली का, शेडिंग ठिपक्याठिपक्यांचं दिसतंय का, टोचलेल्या नाकपुडीशेजारी गाठ आली का, हे तेव्हा कळतं. अशा मुरलेल्या कामावरच या धंद्यात नाव होतं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी शिकताना एकच विचारत राहा: दोन महिन्यांनी हे कसं दिसेल?

आजच करायचं काम: लस

स्टुडिओ किंवा क्लास शोधण्याआधी डॉक्टरांकडे जाऊन हिपॅटायटिस बीची लस सुरू करा. तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची रक्ततपासणी करून घ्या. रिपोर्टवरचा आकडा १० किंवा त्याहून जास्त असेल तर लस लागू पडली. कमी आला तर डॉक्टर पुन्हा डोस देतात. म्हणजे यात अर्धं वर्ष जाणार, आणि जिवंत कातडीवर सुई चालवण्याइतका हात तयार व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. दोन्ही एकदमच सुरू करा. धनुर्वाताची लस चालू आहे ना, तेही विचारून घ्या. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीवर लस नाही. त्यांच्यापासून फक्त कामातली शिस्त वाचवते.

हात बसवणं

चित्रकला येत नसेल तर टॅटू शिकता येतो का? येतो, पण चित्रकला शिकूनच. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल तर स्थिरचित्र आणि अक्षरलेखनाचा पाया झालेला असतो. दिली नसेल तर आतापासून रोज दोन तास काढा.

पहिला महिना फक्त रेघांचा. ए-फोर कागदावर हाताने सरळ रेघा, वर्तुळं, लंबवर्तुळं, मोरपिसाचे वळसे. हात टेबलावर टेकलेला, मनगट स्थिर, आणि हालचाल कोपरातून व खांद्यातून. मनगटातून ओढलेली रेघ चार इंचांनंतर वळते, आणि टॅटूमध्ये ती खोडता येत नाही. दुसऱ्या महिन्यात एकाच पेन्सिलने पाच छटा एकमेकींत मिसळायला शिका: कागदाच्या पांढऱ्यापासून गडद काळ्यापर्यंत, मध्ये कुठेही पट्टा दिसता कामा नये. मग त्रिशूळ, डमरू, मोरपीस, कमळ, ढोल, वाघ, डोळे, हात. चेहरे सर्वांत शेवटी. छत्रपती शिवाजी महाराजांचा किंवा कुणाच्या आईचा चेहरा हे पहिल्या वर्षाचं काम नव्हे. डोळा दोन मिलिमीटर सरकला तर चेहरा दुसऱ्याच माणसाचा होतो, आणि तो माणूस ते आयुष्यभर अंगावर वागवतो.

कुणाकडे शिकायचं

‘पंधरा दिवसांत टॅटू आर्टिस्ट’ अशा जाहिराती भरपूर दिसतात. पंधरा दिवसांत यंत्र जोडता येतं, रेघ बसत नाही. चांगल्या कारागिराच्या हाताखाली एक ते दोन वर्षं काढणं हाच खात्रीचा रस्ता. सुरुवातीचे दोन-तीन महिने टेबल मांडणं, पुसणं, स्टेन्सिल (कातडीवर उमटवायचा चित्राचा छाप) काढणं यातच जातील. कंटाळू नका, जंतू कुठून कुठे जातात हे त्यातच समजतं.

पैसे भरण्याआधी तिथे समोर बसून पाच गोष्टी पाहा. मुरलेल्या टॅटूंचे फोटो आहेत का, की सगळे ताजेच? ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं यंत्र) असेल तर त्याच्या बीजाणू चाचणीची, म्हणजे आत जंतू खरंच मरतात का याच्या तपासणीची, शेवटची नोंद कधीची? एका ग्राहकाच्या कामात हातमोजे किती वेळा बदलले जातात? शिकाऊ माणसाच्या पहिल्या दहा टॅटूंच्या वेळी शिकवणारा शेजारी बसतो का? आणि फीमध्ये मिळणाऱ्या किटमधली शाई सीलबंद, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे का? यातल्या दोन प्रश्नांना टाळाटाळ झाली तर उठून या.

टॅटू आणि पिअर्सिंग एकाच दुकानात चालतात, तरी हे दोन वेगळे हुन्नर आहेत. दोन्ही एकदम शिकू नका. एकात वर्षभर घालवा, मग दुसऱ्याला हात घाला.

यंत्र, सुया, शाई

नवख्याने पेनच्या आकाराचं रोटरी (मोटरवर चालणारं) यंत्र घ्यावं. कॉइल (विद्युतचुंबकावर चालणारं) यंत्र जड असतं आणि त्याची स्प्रिंग-स्क्रूची जुळवाजुळव करण्यातच शिकण्याचा वेळ जातो. पेन घेताना स्ट्रोक, म्हणजे सुई वरखाली जाण्याचं अंतर, ३.५ मिलिमीटरचा घ्या. रेघ आणि शेडिंग दोन्हींना चालतो. चारच्या वरचा स्ट्रोक जाड रेघेसाठी, तीनच्या खालचा मऊ शेडिंगसाठी.

कार्ट्रिजवरचे (यंत्राच्या टोकाला बसवायच्या, सुया असलेल्या नळीवरचे) आकडे असे वाचायचे: ‘१२०३ आरएल’मधले पहिले दोन आकडे सुईच्या जाडीचे (१२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३०, ०८ म्हणजे ०.२५), पुढचे दोन सुयांच्या संख्येचे. आरएल म्हणजे राउंड लायनर, सुया एकत्र घट्ट बांधलेल्या. आरएस म्हणजे राउंड शेडर, त्याच सुया थोड्या सैल. मॅग्नममध्ये सुया दोन ओळींत पसरलेल्या असतात, आणि कर्व्ह्ड मॅग्नमची कड कमानीसारखी असल्याने कोपऱ्यांनी कातडी कापली जात नाही. सुरुवातीला ३ आरएल, ५ आरएल, ७ आरएल, ७ आरएस आणि ९ किंवा ११ चा कर्व्ह्ड मॅग्नम एवढं पुष्कळ झालं. आतला रबरी पडदा असलेलीच कार्ट्रिज घ्या. पडदा नसेल तर रक्तमिश्रित शाई मागे यंत्रात शिरते आणि पुढच्या ग्राहकापर्यंत पोचते.

शाईच्या बाबतीत आधी फक्त काळा. तोच काळा निर्जंतुक पाण्यात पातळ करून तीन छटांच्या बाटल्या बनवा. नळाचं, आरओचं, बिसलेरीचं पाणी शाईत कधीच घालायचं नाही. पिण्याचं पाणी आणि कातडीच्या आत जाणारं पाणी यांत फरक आहे. रंगीत शाई घ्याल तेव्हा युरोपीय संघाच्या नियमात बसणारी बघा. तिथे जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आल्या आणि जानेवारी २०२३ पासून निळ्या व हिरव्याच्या दोन प्रचलित रंगद्रव्यांवरही.

आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीबद्दल एक गोष्ट ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. शाई राहते कातडीच्या मधल्या थरात, आणि तिच्यावरून कातडीचा आपला रंग काचेसारखा पसरलेला असतो. पिवळा, पांढरा, फिकट गुलाबी हे रंग त्या काचेतून मातकट दिसतात. परदेशी फोटोतला जलरंगी टॅटू इथे तसाच दिसणार नाही. काळा, गडद लाल आणि मोकळी सोडलेली कातडी यांतून उठाव काढायला शिका.

खोली आणि ताण

शाई वरच्या थरात राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. खालच्या चरबीत गेली तर पसरते, आणि रेघेभोवती निळसर धूसर सावली येते. तिला ब्लोआउट म्हणतात आणि ती पुसता येत नाही. या दोहोंच्या मधला थर गाठायचा तर सुई साधारण १ ते २ मिलिमीटर आत जावी लागते. दंडाच्या आतल्या बाजूला, मनगटावर, पायाच्या घोट्यावर कातडी पातळ. तिथे एकच्या जवळ. पाठीवर आणि खांद्यावर थोडं जास्त चालतं. हातात मोजपट्टी नसते, म्हणून खुणा ओळखा. रेघ पुसल्यावर फिकट, तुटक दिसली तर वरवर चाललंय. एकेका ठिपक्यातून लगेच रक्त उगवू लागलं तर खोल चाललंय.

नवख्याच्या हातून रेघ बिघडते ती बहुतेक वेळा कातडी नीट न ताणल्यामुळे. मोकळ्या हाताची दोन बोटं आणि काम करणाऱ्या हाताची करंगळीकडची बाजू, असा तिन्हीकडून ताण द्या. कातडी ढोलाच्या चामड्यासारखी तंग झाली की सुई उसळत नाही. दुसरं कारण वेगाचा ताळमेळ. यंत्र ७-८ व्होल्टवर आणि हात हळू, तर एकाच जागी सुई वीस वेळा घुसून कातडी चिरडते. उलट हात झपझप आणि व्होल्ट कमी, तर रेघ ठिपक्यांची होते. यंत्राचा आवाज स्थिर ठेवा आणि हाताचा वेग त्याच्याशी जुळवा.

सराव कृत्रिम कातडीवर करा, सपाट ठेवून नव्हे तर स्वतःच्या पोटरीला किंवा बाटलीला गुंडाळून, कारण माणसाचं अंग सपाट नसतं. संत्र्यावर किंवा केळ्यावर खोलीचा अंदाज येतो. सुई खोल गेली की साल फाटून रस वर येतो. साधारण शंभर पानं कृत्रिम कातडी भरून झाली आणि शिकवणाऱ्याने होकार दिला की पहिला जिवंत टॅटू: दोन इंचांच्या आतला, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, आणि ‘हा शिकाऊ हात आहे’ हे माहीत असलेल्या मित्राचा.

देवनागरी अक्षरं: इथे सर्वांत जास्त चुका होतात

महाराष्ट्रात रोजचं काम नावांचं आणि ओळींचं आहे: आई-बाबा, मुलीचं नाव, जय भीम, श्री स्वामी समर्थ, राजमुद्रा. म्हणून जो मराठी टॅटूकार शुद्धलेखन पक्कं करतो त्याच्याकडे काम टिकतं.

पहिली चूक संगणकातली. चित्रं करण्याच्या काही प्रोग्रॅममध्ये भारतीय लिपीची सोय चालू केलेली नसते. तिथे ‘शिव’ टाइप केलं की ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी न बसता नंतर बसते आणि वाचताना ‘शवि’ होतं. जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसतात. सोपा उपाय: मजकूर फोनवर टाइप करा, मोठा करून स्क्रीनशॉट घ्या आणि तो चित्र म्हणून घेऊन वरून हाताने गिरवा.

दुसरी चूक लिहिण्यातली. ‘आशीर्वाद’ हा शब्द ग्राहक हमखास ‘आर्शीवाद’ असा लिहून आणतात. रफार ‘वा’वर हवा. ‘बुद्ध’, ‘श्रद्धा’, ‘सिद्धी’मध्ये ‘द’ला ‘ध’ जोडलेला असतो, ‘ध’ला ‘द’ नाही. ‘विठ्ठल’चा ठ्ठ, ‘महत्त्व’मधले दोन त, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. स्टेन्सिल लावण्याआधी ग्राहकाकडून मजकूर त्याच्या हाताने कागदावर लिहून घ्या, खाली सही घ्या, आणि दुकानातल्या दुसऱ्या माणसाला तो मोठ्याने वाचायला सांगा.

तिसरी चूक आकाराची, आणि ती दोन वर्षांनी उघडी पडते. शाईचे कण कातडीतल्या पेशींनी धरून ठेवलेले असतात. वर्षानुवर्षं त्यांची हळूहळू हालचाल होते आणि रेघ रुंदावते. लॅटिन अक्षराच्या पोटात मोकळी जागा बरीच असते. आपल्याकडे ‘ष्णु’, ‘र्वि’, ‘च्चं’ यांच्या आतल्या फटी बारीक, त्यात वर रफार आणि टिंब. साधं अक्षर निदान ८ मिलिमीटर उंच, जोडाक्षर असेल तर १२, आणि आतली प्रत्येक फट रेघेच्या जाडीच्या दुप्पट ठेवा. अनुस्वाराचं टिंब शिरोरेषेपासून स्पष्ट सुटं हवं, नाहीतर दोन्ही एक होतात.

राजमुद्रेवर हे लावून पाहा. अष्टकोनात ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता, शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते’ ही अनुष्टुभाची ३२ अक्षरं बसवायची असतात. ग्राहक मनगटावर दोन इंचांत मागतो. दोन इंच म्हणजे ५० मिलिमीटर. चौकटीची कड वगळली आणि ओळी पाडल्या की एका अक्षराच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा मिलिमीटर येतात, आणि विसर्ग, रफार, मात्रा सगळं त्यातच. पहिल्या दिवशी सुंदर दिसेल, काही वर्षांत काळा डाग होईल. अशा वेळी सांगायचं: किमान साडेतीन-चार इंच, हातावर किंवा दंडावर. नाहीतर मुद्रेचा फक्त आकार घेऊ आणि अक्षरं सोडू. ग्राहक ऐकत नसेल तर काम परत पाठवा. महाराजांची मुद्रा कुणाच्या अंगावर डाग होऊन राहू नये.

देवदेवतांची, महापुरुषांची चित्रं कमरेखाली मागितली तर तिथेच थांबवा आणि जागा बदलायला सांगा. ग्राहकाला आज काही वाटत नाही, पण घरी गेल्यावर आई-आजी काय म्हणेल ते त्याला नंतर कळतं, आणि टॅटू काढून टाकणं लावण्याहून फार महाग आणि दुखरं आहे.

निर्जंतुकीकरण

पूर्वी जत्रेत गोंदणारीण एकाच सुयांच्या जुडीने रांगेत बसलेल्या सगळ्यांना गोंदायची. गोंदणाची नक्षी जपावी, ती पद्धत नाही. तुमच्या दुकानात सुई आणि कार्ट्रिज एका माणसासाठी एकदाच.

शाई बाटलीतून छोट्या टोप्यांत काढा आणि उरलेली फेकून द्या. यंत्र, वायर, पाण्याची बाटली, दिव्याचा दांडा, खुर्चीचे हात, सगळ्यावर प्लास्टिकचं आवरण चढवा. मोजे घातलेल्या हाताने फोन उचलला तर मोजे बदला. काम चालू असताना ड्रॉवर उघडायचा नाही. लागणारं सगळं आधीच ताटात काढून ठेवायचं.

फरशी आणि टेबल पुसायला १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीच). ५ टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग औषधात चार भाग पाणी. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. द्रावण रोज नवं करा, कालचं कमजोर झालेलं असतं. धातूच्या वस्तूंना मात्र ते गंजवतं. डेटॉलमध्ये किंवा स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेली सुई निर्जंतुक होत नाही, कुणी कितीही सांगो.

फिरून वापरायची अवजारं (चिमटे, क्लॅम्प), आणि घालण्याआधी नवे दागिनेही, आधी ब्रशने धुवायची, अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ काढणाऱ्या यंत्रात) घालायची, सुकवायची, पाऊचमध्ये सील करून ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली, ३० मिनिटं ठेवायची. पाऊच ओला निघाला तर तो निर्जंतुक मानू नका. घरच्या कुकरचा दाब तेवढाच असला तरी त्यात वाळवण्याची सोय नसते आणि तापमानाची नोंद राहत नाही, म्हणून तो चालत नाही. पाऊचवरची किंवा टेपवरची पट्टी काळी झाली याचा अर्थ एवढाच की तिला उष्णता लागली. आतले जंतू मेले की नाही हे बीजाणू चाचणीच सांगते. ती ठरावीक दिवसांनी करून वहीत तारीख लिहा. एवढा खटाटोप जमत नसेल तर सगळं साहित्य एकदाच वापरायचं, सीलबंद घ्या.

वापरलेली सुई न मोडता, टोपण न लावता थेट सुया टाकायच्या टणक डब्यात. डबा पाऊण भरला की बंद. तो महापालिकेच्या कचरागाडीत टाकायचा नाही. तिथे हाताने कचरा वेचणारा माणूस असतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार करा.

स्वतःला सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, त्यावर स्पिरिट-ब्लीच ओतू नका. लगेच सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. संकोचापायी एक रात्र थांबू नका.

खुर्चीत बसण्याआधी विचारायचे प्रश्न

वय १८ पूर्ण आहे का, ओळखपत्र पाहून. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भधारणा, फिट्स, मुरुमांसाठी घेतलेलं आयसोट्रेटिनॉइन, सोरायसिस (जखमेच्या जागी नवे चट्टे उठू शकतात), आधीच्या जखमेवर उठलेला केलॉइड (जखमेबाहेर वाढत जाणारा व्रण). काळ्या मेंदीने कधी फोड आले होते का? काहीही खाल्लं नसेल तर आधी खाऊन या म्हणा. दारू प्यायला असेल तर परत पाठवा.

तरुण मुलगा असेल तर एक प्रश्न हमखास विचारा: भरतीची तयारी करतोयस का? सैन्यभरतीत कायमचा टॅटू सर्वसाधारण उमेदवारांना फक्त हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. मानेवरच्या एका त्रिशुळापायी कुणाची वर्षभराची धावण्याची मेहनत वाया जाऊ नये. पोलीस किंवा इतर दलांसाठी त्याला आधी जाहिरात नीट वाचून यायला सांगा. नियमित रक्तदान करणाऱ्यालाही सांगा की टॅटू किंवा पिअर्सिंगनंतर वर्षभर रक्त देता येत नाही.

काम चालू असताना ग्राहकाचा चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, ‘कसंतरी होतंय’ म्हणाला, तर सुई थांबवा, त्याला आडवा करा, पाय उंच करा. शुद्धीवर आल्यावर साखरपाणी. बधिर करण्याचं इंजेक्शन देणं हे डॉक्टरांचं काम आहे, आपलं नाही.

घरी पाठवताना लेखी सूचना द्या. पहिली धुणी सौम्य, बिनवासाच्या साबणाने. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मलमाचा थर इतका पातळ की कातडी चमकू नये. हळद, टूथपेस्ट, पावडर काही नाही. खपली ओढायची नाही. दोन-तीन आठवडे पोहणं बंद. गोव्यात काम करणाऱ्यांनी हे दोनदा सांगावं, कारण तिथला पर्यटक दुपारी टॅटू काढतो आणि संध्याकाळी समुद्रात उतरतो. शक्य असेल तर टॅटू सहलीच्या शेवटच्या दिवशी करू म्हणा.

पिअर्सिंग

आपल्याकडे बाळाचे कान सोनार टोचतो, आणि कानाच्या वरच्या भागात बुगडी, भिकबाळी घालण्याची रीतही जुनी आहे. त्यामुळे ग्राहकाला ही गोष्ट किरकोळ वाटते. कानाची मऊ पाळी आणि वरची कूर्चा (कानाचा टणक भाग) यांतला फरक त्याला समजावून सांगणं तुमचं काम. पाळीत रक्तपुरवठा भरपूर, ती ६ ते ८ आठवड्यांत भरते. कूर्चेला रक्त कमी मिळतं. तिला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि तिथे जंतुसंसर्ग झाला तर कूर्चा विरघळून कानाचा आकार कायमचा चुरगळू शकतो.

म्हणून टोचायची बंदूक वापरू नका. ती बोथट दागिना जोराने आत दाबते, ऊतक फाडते, आणि तिचा प्लास्टिकचा भाग ऑटोक्लेव्हमध्ये टाकता येत नाही. पोकळ, धारदार, एकदाच वापरायची सुई कातडी स्वच्छ कापते आणि दागिन्याला जागा करून देते.

जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा वाढला की सुई बारीक होते: २० गेज ०.८ मिलिमीटर, १८ गेज १.०, १६ गेज १.२, १४ गेज १.६. नाकपुडीला २० किंवा १८, कूर्चेला १६, बेंबी आणि जिभेला १४. पहिला दागिना एएसटीएम एफ-१३६ प्रतीच्या (शरीरात बसवायच्या वस्तूंसाठी ठरवलेल्या) टायटॅनियमचा, मागून चपटा. ग्राहक घरून सोन्याची चमकी आणतो, पण ताज्या जखमेत तिची तार आत वळलेली, मिश्रधातू अनोळखी. बाजारातल्या स्वस्त ‘सर्जिकल स्टील’मध्ये निकेल असतं आणि खाज तिथूनच सुरू होते. सोनं जखम भरल्यावर.

नाकपुडी टोचताना क्रम असा. ग्राहकाला सरळ बसवा. नाकपुडीच्या घडीत, समोरून आणि बाजूने दोन्हीकडून पाहून, निर्जंतुक मार्करने टिंब करा. आरसा द्या आणि ‘हसून बघा’ म्हणा, कारण हसल्यावर टिंब सरकतं. होकार मिळाल्यावर आतून आणि बाहेरून स्वच्छ करा, मोजे बदला. आत ग्रहणनळी (सुईचं टोक झेलणारी पोकळ नळी) धरा म्हणजे नाकाचा पडदा सुरक्षित राहतो. श्वास सोडायला सांगा आणि सुई पृष्ठभागाला काटकोनात एका दमात आत. कोन तिरका गेला तर दागिना कायम एका बाजूला झुकतो आणि त्या कडेला गाठ येते. सुईच्या मागोमाग ८ मिलिमीटरची दांडी सरकवा. ती लांब वाटेल, पण सुजेला जागा लागते. चार ते सहा आठवड्यांनी बोलावून लहान दांडी घाला. ही दुसरी भेट चुकली की लांब दांडी टॉवेलला, केसांना, उशीला अडकत राहते आणि बहुतेक गाठी तिथूनच येतात.

देखभाल म्हणजे ०.९ टक्के सलाइनने दिवसातून दोनदा ओलं करून टिपणं. दागिना फिरवायचा नाही. फिरवल्याने सुकलेली कड आत जाऊन जखम पुन्हा उघडते. काठाशी आलेली लाल गाठ बहुतेक वेळा चिडचिडीची असते आणि कारण दूर केलं की बसते. जखमेच्या सीमेबाहेर वाढत जाणारी, महिनोन्‌महिने न थांबणारी गाठ केलॉइड असू शकते; ती त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवा. पू दिसला तरी दागिना स्वतः काढू नका, कारण भोक वरून मिटतं आणि पू आत कोंडतो. कूर्चा गरम, लाल, ठणकती असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

पैसे आणि कागदपत्रं

नवखा माणूस चौरस इंचाचा भाव लावतो. समजा ६०० रुपये भाव आणि टॅटू ४ बाय ३, म्हणजे १२ चौरस इंचांचे ७,२०० रुपये. मोठ्या साध्या कामाला हे ठीक. पण दीड इंचाच्या नावालाही मांडणी, कार्ट्रिज, मोजे, आवरणं, साफसफाई तेवढीच लागते. त्यामुळे किमान रक्कम ठरवा: साहित्याचा खर्च, अधिक मांडणी-आवराआवरीसकट लागलेल्या तासांचा मोबदला, अधिक भाडं-विजेचा वाटा. त्याखाली काम घ्यायचं नाही. भाव पाडला की पहिली काटछाट मोज्यांवर आणि कार्ट्रिजवर होते, म्हणजे थेट ग्राहकाच्या अंगावर. आगाऊ रक्कम घ्या, आणि दोन महिन्यांच्या आतला एक टच-अप भावातच धरा.

पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत टक्केवारीवर काढलेली बरी. स्वतःचं दुकान काढताना कामगार मोजकेच असतील तर महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी मोफत आहे, कर्जाला उपयोगी पडते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. जागा ठरवण्याआधी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य आणि परवाना विभागांत जाऊन स्थानिक अटी विचारा. जागा घेताना वाहतं पाणी आणि हात धुवायचं बेसिन कामाच्या खोलीतच आहे का, हे भाड्याच्या आधी पाहा.

एक जाड वही ठेवा. प्रत्येक ग्राहकाचं संमतिपत्र, शाईचा आणि कार्ट्रिजचा बॅच क्रमांक, दागिन्याची जाडी-लांबी, व्होल्ट, तारीख. त्याच ओळीत पुढचा रकाना रिकामा सोडा: ‘सहा आठवड्यांनी’. त्या दिवशी फोन करून बोलवा, खिडकीच्या साध्या उजेडात, मलम न लावता फोटो काढा आणि रकान्यात लिहा की कुठली रेघ उडाली, कुठली पसरली. पुढच्या ग्राहकाने काम दाखवा म्हटलं की फोनमधले ताजे फोटो बाजूला ठेवा आणि हे उघडून दाखवा.